नदीला ताप आला आहे का?

मित्रांनो, धाराशिव जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. आता अशी कल्पना करा, की त्यावर पावसाचे दोन थेंब पडले. एक पडला तेरखेड्याकडे. तो तेरणेतून मांजरेत आणि मांजरेतून गोदावरीत जाणार. दुसरा पडला नळदुर्गाच्या अंगाला. तो बोरी नदीतून, किल्ल्यातल्या पाणीमहालावरून उडी मारून, भीमेत आणि तिथून कृष्णेत जाणार. एकाच जिल्ह्यातले थेंब, पण वाटा दोन! आहे की नाही गंमत?

थेंब मात्र मोजकेच बरं का! आपल्या भागात पाण्याची ओढाताण नवी नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातलं परळीचं औष्णिक वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. तुम्ही म्हणाल, तिथे तर कोळसा जळतो, मग पाणी कशाला? अहो, कोळसा काय किंवा अणुभट्टीतलं युरेनियम काय, दोघांचं काम एकच. पाणी उकळायचं, वाफ करायची आणि त्या वाफेनं चक्र फिरवायचं. चक्र फिरवून थकलेली वाफ परत थंड करायची, तर त्यासाठी पाणी लागतं आणि ते भरपूर लागतं.

मग हे पाणी देणाऱ्या नदीचं काय होत असेल? तिच्यातल्या माशांचं, खेकड्यांचं, शेवाळाचं काय होत असेल? हे पाहायला अणुवीजकेंद्राशेजारची नदी हवी. आपल्या महाराष्ट्रातलं तारापूरचं केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, पण ते समुद्रकाठी आहे. म्हणून आज आपण थोडं लांब जाऊ. सोलापूर, विजयपूर, हुबळी असं करत सह्याद्रीच्या घाटात उतरू. तिथे कारवार जिल्ह्यात (त्याला आता उत्तर कन्नड म्हणतात) काळी नावाची नदी आहे. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यातच होता, म्हणजे तसा आपला जुना शेजारीच.

काळी आपल्या तेरणेसारखी उन्हाळ्यात आटून जात नाही. सह्याद्रीचा धो धो पाऊस पोटात घेऊन ती दाट जंगलातून धावते आणि जेमतेम १८४ किलोमीटरांत कारवारजवळ अरबी समुद्राला मिळते. वाटेत दांडेलीला मगरी उन्हात अंग शेकताना दिसतात. वर झाडांत धनेश पक्ष्यांची थोराड चोच दिसते. पण ही नदी मोकळी मात्र नाही. सुपा, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी, काद्रा अशी धरणं तिच्यावर एकामागून एक उभी आहेत. त्यांच्यावर जलविद्युत तयार होते. दांडेलीला कागदाचा मोठा कारखानाही आहे.

कोडसळ्ळीच्या खाली आणि काद्राच्या वर, जलाशयाच्या काठावर आहे कैगा. इथे चार अणुभट्ट्या आहेत. पहिल्या दोन २००० मध्ये सुरू झाल्या, तिसरी २००७ मध्ये आणि चौथी २०११ मध्ये. प्रत्येकीची क्षमता २२० मेगावॉट, म्हणजे सगळ्या मिळून ८८० मेगावॉट.

आता नीट लक्ष द्या. कैगाच्या भट्टीत तीन पाणी असतात, आणि तिन्ही वेगवेगळ्या नळ्यांतून फिरतात. पहिलं ‘जड पाणी’. ते युरेनियमच्या इंधनाची उष्णता उचलतं. दुसरं साधं, शुद्ध पाणी. ते पहिल्याकडून उष्णता घेतं, त्याची वाफ होते आणि ती चक्र फिरवते. तिसरं काद्रा जलाशयाचं पाणी. ते नळ्यांतून जाऊन वाफेला थंड करतं आणि परत जलाशयात जातं. म्हणजे नदीचं पाणी इंधनाला शिवत नाही. पण तेच पाणी सगळ्यात जास्त उष्णता घेऊन बाहेर पडतं. भट्टीत तयार होणाऱ्या उष्णतेचा तिसऱ्या हिश्शाहूनही कमी भाग वीज होतो. बाकीची जवळजवळ सगळी उष्णता या पाण्याबरोबर बाहेर जाते.

पाणी थोडं कोमट झालं तर काय बिघडलं? आपल्याला आंघोळीला बरंच वाटेल! पण माशाचा विचार करा. मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो. २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. आणि गंमत म्हणजे, नव्हे, पंचाईत म्हणजे, पाणी तापलं की माशाच्या शरीराचा वेगही वाढतो आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो. मागणी वाढली आणि पुरवठा घटला! काही माशांना हे चालतं, काही दूर पळतात. अंडी मात्र पळू शकत नाहीत. शिवाय पाणी ओढून घेताना त्याच्याबरोबर बारीक पिल्लंही ओढली जाऊ शकतात. म्हणून तोंडाशी जाळ्या बसवाव्या लागतात.

दुसरी काळजी किरणोत्सर्गाची. जड पाण्याच्या भट्टीत ट्रिटियम तयार होतं. हा हायड्रोजनचाच एक किरणोत्सर्गी भाऊ. तो पाण्यात इतका बेमालूम मिसळतो, की गाळून काढता येत नाही. साधारण १२ वर्षांनी तो निम्मा उरतो. त्यातला थोडा भाग भरपूर पाण्यात मिसळून, ठरवून दिलेल्या मर्यादेत बाहेर सोडतात. अणुकेंद्रामुळे आसपासच्या माणसाला वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त किरणोत्सर्ग मिळता कामा नये, असा नियम आहे. तुलनेसाठी सांगतो, खडक, हवा, आकाश यांच्याकडून जगातल्या माणसाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट तसाच मिळत असतो.

नियम पाळला जातो की नाही, हे पाहतं कोण? भाभा अणुसंशोधन केंद्राची एक पर्यावरण प्रयोगशाळा कैगाला आहे. पाणी, गाळ, मासे, दूध, धान्य, भाजी यांचे नमुने तिथे तपासले जातात. भट्टी सुरू होण्याच्या आधीपासूनच्या नोंदी ठेवलेल्या असतात. काद्रा जलाशयात कोमट पाण्याचा जीवसृष्टीवर काय परिणाम होतो, याचाही शास्त्रज्ञांनी खास अभ्यास केला आहे. मात्र प्रयोगशाळा चालवणारे आणि वीजकेंद्र चालवणारे, दोघेही अणुऊर्जा विभागाच्या घरातले. ‘तपासणारा बाहेरचाही असावा,’ असं अनेकांना वाटतं, आणि ही मागणी काही चुकीची नाही.

प्रश्न विचारणारे सुरुवातीपासून होते. कन्नड लेखक शिवराम कारंत त्यांच्यातले एक. मुलांसाठी ‘बालप्रपंच’ हा ज्ञानकोश लिहिणारे, ज्ञानपीठ पुरस्कार मिळवलेले हे आजोबा कैगाच्या विरोधात उभे राहिले. १९८९ मध्ये, ऐंशी वर्षं उलटून गेल्यावर, त्यांनी याच प्रश्नावर लोकसभेची निवडणूक लढवली. हरले, पण प्रश्न राहिला. १३ मे १९९४ रोजी बांधकाम चालू असताना एका भट्टीच्या घुमटाचा मोठा भाग कोसळला. तेव्हा आत इंधन नव्हतं हे नशीब. २००९ च्या नोव्हेंबरात केंद्रातल्याच एका पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम मिसळल्याचं उघड झालं. हे कळलं कसं? कामगारांच्या लघवीची नेहमीची तपासणी होत असे म्हणून. तपासणीच नसती, तर?

आता खरी अवघड गोष्ट. समजा, काळी नदीतला एखादा मासा कमी झाला. दोष कुणाचा? कोमट पाण्याचा? धरणांनी वाहती नदी अडवून तळं केलं, त्याचा? वरून येणाऱ्या सांडपाण्याचा? की जास्त मासेमारीचा? काद्राचं धरण १९९० च्या दशकाच्या शेवटी भरलं आणि लगेच २००० मध्ये भट्ट्या सुरू झाल्या. दोन्ही बदल एकापाठोपाठ आले. अशा वेळी नुसतं बोट दाखवून चालत नाही. केंद्राच्या वर आणि केंद्राच्या खाली, बदलाच्या आधी आणि बदलाच्या नंतर, अशा चारही नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात.

कारवारच्या खाडीत गोडं आणि खारं पाणी मिसळतं. तिथे खारफुटीच्या मुळांत खेकडे लपतात. ओहोटीला बायका चिखलातून तिसऱ्या वेचतात. संध्याकाळचं कालवण त्यावर ठरतं. कैगाला आणखी दोन, प्रत्येकी ७०० मेगावॉटच्या भट्ट्यांची योजना आहे. विजेची गरज खरी, पण तिसऱ्या वेचणाऱ्या बाईचा प्रश्नही तितकाच खरा. तिला ‘काही होत नाही’ किंवा ‘सगळं संपलं’ यांपैकी कुठलंच उत्तर नको आहे. तिला आकडे हवेत, आणि तेही समजतील अशा भाषेत.

हे सगळं आपल्याला कशाला, असं वाटलं का? मग ऐका. कृष्णा-मराठवाडा उपसा सिंचन योजनेतून बाहेरचं पाणी आपल्या जिल्ह्यात आणण्याचं काम हाती घेतलेलं आहे. नवे उद्योग येतील, गावं वाढतील. तेरणा, बोरी, मांजरा यांचं रूप बदलेल. बदल चांगला झाला की वाईट, हे कशावरून ठरवणार? म्हणून एक दोनशे पानी वही घ्या. घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन महिन्यातून एकदा नदीवर किंवा तलावावर जा. तारीख, वेळ, काठाजवळच्या पाण्याचं तापमान, पाण्याचा रंग आणि वास लिहा. मासे धरणाऱ्या काकांना विचारा, आज मरळ मिळाला का, वाम दिसली का, की नुसती चिलापीच? बगळे किती, बेडूक ओरडतात का, तेही टिपा. दोघा-तिघांनी मिळून केलं तर शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मांडता येईल.

एकच गोष्ट लक्षात ठेवा. ‘नंतर’ची नोंद केव्हाही करता येते. ‘आधी’ची मात्र आधीच करावी लागते. तेव्हा या रविवारी वहीचं पहिलं पान लिहाच!