नावं दिसतात, कागद उघडत नाहीत

कागद संगणकात जपून ठेवणं आणि गरज पडेल तेव्हा ते परत हाती येणं, यांत किती अंतर असतं ते नागावच्या माझ्या मामूंच्या घराला फार महागात कळलं. तीच हकीकत लिहितो आहे, कारण असे फोल्डर आज आपल्या कितीतरी घरांत असतील.

अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर नागाव येतं. नारळ-सुपारीच्या वाड्या आणि वाड्यांच्या पोटात घरं. मामूंचं घर कौलारू. 2019 च्या डिसेंबरात नागरिकत्व कायद्यातली दुरुस्ती मंजूर झाली आणि आपल्याकडच्या अनेक घरांसारखी तिथेही माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. वाडीचे जुने फेरफार, मामूंचा शाळा सोडल्याचा दाखला, नानीचा निकाहनामा, बोटीवर नोकरी केलेल्या मरहूम नानांची सीडीसी आणि त्यांनी दूरच्या बंदरांतून उर्दूत लिहिलेली पत्रं. मामेभावाने सगळं स्कॅन केलं. 43 फाइली झाल्या. भलत्याच्या हाती लागू नयेत म्हणून त्याने फोल्डरवर राइट क्लिक केलं, प्रॉपर्टीज, मग ॲडव्हान्स्ड, आणि एन्क्रिप्टच्या चौकटीत खूण केली. वेगळा पासवर्ड कुणी विचारला नाही, फाइली पूर्वीसारख्याच उघडत राहिल्या. फेब्रुवारीत तो कुवेतला नोकरीवर गेला.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं. वाड्यांतली झाडं आडवी झाली, घरांवरची कौलं आणि पत्रे उडाले. मामूंच्या माळ्यावर पाणी कोसळलं. पेटी उघडली तेव्हा आत कागदांचा लगदा होता. मामी रडायला लागल्या, तर मामू म्हणाले, "रडतेस कशाला? सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे."

बऱ्याच दिवसांनी वीज आली, पण संगणक सुरू होईना. एका दुकानदाराने विंडोज नव्याने टाकून दिलं. सी ड्राइव्ह फॉरमॅट केला, डी ड्राइव्हला हात लावला नाही, कागद डीवरच आहेत, असं त्याने सांगितलं. ते खरंच होतं. 43 नावं जशीच्या तशी दिसत होती. प्रत्येक फाइलच्या चित्रावर एक छोटं कुलूप होतं, आणि उघडायला गेलं की परवानगी नाही असा निरोप येत होता.

टाळेबंदी सैल झाल्यावर मी नागावला गेलो. मामूंचा पहिला प्रश्न होता, "अरे, नावं दिसतात, मग कागद का दिसत नाहीत? व्हायरस तर नाही ना?"

व्हायरस नव्हता. विंडोजमध्ये 2000 सालच्या आवृत्तीपासून ईएफएस नावाची सोय आहे. ती फाइलचं नाव तसंच ठेवते, आतला मजकूर तेवढा सांकेतिक करून टाकते. प्रत्येक फाइलला एक चावी असते. ती चावी पुन्हा वापरणाऱ्याच्या सर्टिफिकेटने बंद केलेली असते, आणि ते उघडणारी खासगी चावी त्याच्या खात्यात, म्हणजे बहुतेक वेळा सी ड्राइव्हवर, असते. आपण लॉगिन केलं की हे सगळं पडद्याआड उघडतं, म्हणून वेगळा पासवर्ड लागत नाही. सी पुसला गेला की चावीही गेली. कुलूपबंद फाइली डीवर सुखरूप राहतात.

अशा वेळी लोक जे करतात ते सगळं त्या घरात करून झालं होतं. जुन्याच नावाचं आणि जुन्याच पासवर्डचं खातं उघडलं होतं. पण विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही, प्रत्येक खात्याला वेगळा क्रमांक देतं. नवं खातं म्हणजे त्याच नावाचा दुसरा माणूस. सिक्युरिटीमध्ये जाऊन फाइलींची मालकीही घेतली होती. मालकी मिळाल्याने दारावरचा रखवालदार बाजूला होतो, सांकेतिक मजकूर काही वाचता येत नाही. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडूनही तेच.

आशा दोन ठिकाणी असते. एक, कुणी सर्टिफिकेट आधी काढून ठेवलं असेल तर. दुसरी, फॉरमॅट न करता विंडोज टाकलं असेल तर. तेव्हा जुनं खातं विंडोज डॉट ओल्ड या फोल्डरात सापडतं, आणि जुना पासवर्ड आठवत असेल तर त्यातल्या चाव्या जाणकार काढू शकतो. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. मी मामूंना तसं स्पष्ट सांगितलं.

मग बाहेर शोध सुरू केला. मामेभावाने जानेवारीत 9 फाइली पनवेलच्या बहिणीला मेल केल्या होत्या. ईएफएसचं कुलूप डिस्कपुरतं असतं, मेलने गेलेली प्रत उघडी जाते. त्या 9 मिळाल्या. सातबारा ऑनलाइन निघाला, फेरफारांच्या नकला अर्ज करून मिळाल्या. शाळेच्या जनरल रजिस्टरवरून दाखल्याची दुसरी प्रत मिळाली, निकाहाची नोंद जमातीच्या वहीत होती. सरकारला दाखवायचे बहुतेक कागद असे परत जमले. नानांची पत्रं मात्र कुठल्याच दफ्तरात नव्हती. मामू म्हणाले, "जमिनीचा कागद सरकार देईल. बापाचं अक्षर कोण देणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपल्याकडे अमानत हा शब्द मोठा आहे. अमानत ठेवणारा ती चोरापासून जपतो, आणि हक्कदार आला की परतही देतो. मामेभावाने पहिला भाग मनापासून केला होता. दुसऱ्या भागासाठी चावी घरात आणखी कुणाकडे तरी असायला हवी होती.

म्हणून एवढं करा. फोल्डर एन्क्रिप्ट केला असेल तर विंडोजच्या शोधचौकटीत सर्टिफिकेट शब्द टाइप करून युजर सर्टिफिकेटची खिडकी उघडा. पर्सनलमधलं ईएफएसचं सर्टिफिकेट खासगी चावीसकट एक्सपोर्ट करा. तयार झालेली पीएफएक्स फाइल दोन पेन ड्राइव्हवर ठेवा, एक घरात, एक दुसऱ्या गावी. तिचा पासवर्ड वहीत लिहा. संगणक दुरुस्तीला देण्यापूर्वी, तो सुरू होत असेल तर, फोल्डरवरची खूण काढून टाका.

नव्या लॅपटॉपवर अख्खी डिस्कच आपोआप एन्क्रिप्ट झालेली असू शकते. तिची 48 अंकी रिकव्हरी की बहुधा पहिल्यांदा साइन इन करणाऱ्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाते. दुकानातल्या मुलाने स्वतःच्या खात्याने लॅपटॉप सुरू करून दिला असेल, तर तुमच्या घराची चावी त्याच्याकडे आहे. ती आजच पाहून घ्या.

मामूंच्या घरी आता मामींच्या कपाटात एक पेन ड्राइव्ह आहे आणि पनवेलला दुसरा. तो जुना 43 फाइलींचा फोल्डरही त्यांनी पुसू दिलेला नाही.