बापाची मेंढी आणि मुलाचे इमान

कन्फ्युशियसचे नाव निघाले की आपल्याकडचे परंपरावादी खूश होतात. आईवडिलांचा मान, थोरांपुढे नम्रता, घर नीट तर राज्य नीट. ‘हे तर आपलेच संस्कार!’ पण या माणसाला (इ.स.पू. 551 ते 479) मनूच्या पंगतीला बसवणे अन्यायाचे आहे. शिकवताना वर्गभेद नको, असे तो सांगत होता. शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानाचे काय करावे, हे आपल्याकडे लिहून ठेवले होते. त्याचा ‘रेन’ म्हणजे माणुसकी. स्वतःला जे नको ते दुसऱ्याला करू नये. यावर कोणता बौद्ध भांडेल?

माझे भांडण मेंढीवरून आहे. एक सरदार अभिमानाने म्हणाला, आमच्याकडचा मुलगा इतका सरळ, की बापाने मेंढी चोरली तर त्याने साक्ष दिली. कन्फ्युशियस म्हणाला, आमच्याकडे बाप मुलाचे झाकतो आणि मुलगा बापाचे. सरळपणा त्यातच आहे.

शिरपूर तालुक्यात काम करताना ही मेंढी मला घराघरांत दिसते. एका मुलाने पंधरा वर्षांच्या बहिणीचे लग्न ठरल्याचे 1098 वर कळवले. ग्रामसेवक आले, लग्न थांबले. वस्ती म्हणाली, पोराने बापाचे नाक कापले. हे घर आपलेच. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. आईबापाला हळुवार समजवावे, ऐकले नाही तरी आदर सोडू नये, हेही कन्फ्युशियसने सांगितले आहे. पण हळद परवावर आली असताना हळुवारपणा किती दिवस पुरवायचा?

त्याच्या शिकवणीत बापानेही बापासारखे वागायचे असते, हे मान्य. पण बापाला विचारणार कोण? राजगृहात बुद्धाने सिगालाला मुलांची पाच कर्तव्ये सांगितली, तशी आईवडिलांचीही पाच मोजून दिली. मुलीच्या बापाने माझ्यापुढे त्यातलेच एक ठेवले: ‘योग्य स्थळ पाहणे हे आमचे कर्तव्य, तुमच्याच सुत्तात आहे.’ आहे ना. पण त्याच यादीत त्याच्या आधी हुन्नर शिकवणे येते, आणि त्याही आधी पापापासून परावृत्त करणे. ते बापाने केले नाही, म्हणून मुलाला करावे लागले.

मुलगी आता दहावीला आहे. भाऊ मावशीकडे राहतो. बाप त्याच्याशी अजून बोलत नाही.