सबिनो कॅनियनमधले घुबड

अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टक्सन शहराला लागून सांता कॅटलिना डोंगर आहेत. त्यांतली सबिनो कॅनियन ही वाळवंटी दरी. उतारांवर हात वर केलेले सग्वारो निवडुंग, तळाशी ओढा, काठाला सिकामोरची झाडे. धाकट्या भावाकडे गेलो असताना एका संध्याकाळी आम्ही सगळे तिथे गेलो.

पुतणीने एका खोडाच्या ढोलीकडे बोट दाखवले. आम्हाला नुसती साल दिसत होती. मग त्या सालीचाच एक तुकडा किंचित हलला! ते 'वेस्टर्न स्क्रीच आउल' होते, जेमतेम वीतभर. करड्या पिसांवर सालीसारख्याच काळसर रेघा. चाहूल लागली की हा पक्षी अंग ताठ करतो, डोळे बारीक करतो आणि झाडात मिसळून जातो.

अम्मींनी पदर सावरला. "चला इथून. घुबड बघू नये."

गावी घरावर घुबड ओरडले आणि त्याच आठवड्यात अब्बा गेले. ती सल अजून होती. घुबडाचा अपशकुन जुने अरबही मानत आणि हदीसने तो नाकारला, हे लहानपणी आम्हाला अम्मींनीच शिकवले होते. तरी कोणी वाद घातला नाही.

पुतणीने एवढेच विचारले, "दादी, ते तर आपल्यालाच घाबरून लपलंय ना?"

अम्मी थांबल्या. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिले.

मगरिबनंतर परतताना मागून आवाज आला. टप्पे खाणारा चेंडू थांबत यावा तसा, भरभर होत जाणारा.

"त्याचीही तस्बीह सुरू झाली," अम्मी म्हणाल्या.