भांग आणि उधाण

शनिवार, ९ नोव्हेंबर. चारमथ, डॉर्सेट

आज कार्तिकातली अष्टमी, म्हणजे भांग. पाणी फार मागे सरणार नाही हे माहीत होतं, तरी गेले. गुहागरला वाढलेल्या माणसाला ओहोटीच्या वेळी घरात बसवत नाही.

ब्लॅक व्हेनच्या कड्यावरून काळा चिखल नुकताच ओघळला होता. त्याच्या जवळ जायचं नाही, हा इथला पहिला धडा. लाइम रीजिसच्या मेरी ॲनिंगने पोटासाठी इथले जीवाश्म विकले आणि इक्थिओसॉर, प्लेसिओसॉर जगापुढे आणले. तिचा ट्रे नावाचा कुत्रा १८३३ मध्ये अशाच दरडीखाली गेला. ती स्वतः थोडक्यात वाचली. कडा खणायचा नाही, गोट्यांत सुटं पडलेलं तेवढं वेचायचं, हा नियम मला मनापासून पटतो. आणि सुटलेलं लाटा झिजवूनच टाकतात, तेव्हा ते वेचणं म्हणजे वाचवणंच.

दोन तास ओणवं राहून तीन ॲमोनाइट मिळाले. सगळ्यात लहान नखाएवढा. भिंगाखाली धरला तर वेटोळ्यावरची कड न् कड शाबूत, घासलेल्या पितळेसारखी लखलखीत. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी याच्या शेवटच्या कप्प्यात माकुळाच्या गोत्रातला मऊ जीव राहत होता. मागचे कप्पे तरंगण्यासाठी, वायूने भरलेले. जीव गेला, शंख गाळात रुतला आणि त्या कप्प्यांत पायराइट भरलं.

रविवार, १० नोव्हेंबर

नवे ठेवायला जुना डबा उघडला आणि पोटात कालवलं. मागच्या हिवाळ्यात वेचलेल्यांतले सात ॲमोनाइट संपले होते. करडी-पिवळट भुकटी, गंधकाचा आंबट भपका, खालची चिठ्ठी जळल्यासारखी तपकिरी. तारीखसुद्धा वाचता येईना. दमट हवा लागली की पायराइटमधून गंधकाम्ल तयार होतं आणि दगड आतून फुटतो. मीठ निघून जावं म्हणून गोड्या पाण्यात भिजवले होते, ते बरोबरच होतं. पण पुरते सुकायच्या आत मीच डब्यात घातले.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

कार्तिकी एकादशी. आईचा फोन. ऊस आला, चिंचा-आवळे आले, वृंदावन रंगवून झालं. मग मी माझं दुःख सांगितलं.

"अगं, ओलं आमसूल बरणीत भरतं का कुणी? बुरशी येणारच."

"आई, बुरशी नव्हे ती."

"नसेना. ओल ती ओलच."

मी तिला शाळिग्राम दाखवायला सांगितलं. तिने तो पदराने पुसून कॅमेऱ्यासमोर धरला. काळा, गुळगुळीत, एका बाजूच्या फटीतून आतल्या चक्राच्या कडा दिसणारा. नेपाळच्या काली गंडकीतून आलेला तोही ॲमोनाइटच. आमच्या कोकणातला खडक लाव्ह्याचा, त्यात असा जीव सापडायचा नाही. उलट तो लाव्हा वाहत होता त्याच सुमाराला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, ही सगळी जात संपली. म्हणजे लहानपणी मी पाहिलेला एकमेव ॲमोनाइट देवघरात ताम्हनात बसायचा आणि मला ते ठाऊक नव्हतं. त्याला रोज आंघोळ, तरी काही झालं नाही. नदीने आधीच घासून घासून टिकेल तेवढंच ठेवलेलं. माझ्या तिघांना मात्र पाणी वैरी.

"उद्या लग्न लावायचंय याचं, ठेवते आता," म्हणून आईने फोन ठेवला.

शनिवार, १६ नोव्हेंबर. लाइम रीजिस

काल पौर्णिमा झाली, आज उधाण. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, की भरतीची वेळ निघते, हा आजोबांचा हिशोब. त्याप्रमाणे पौर्णिमेच्या दुपारी गुहागरला भरती. इथे नेमकं उलटं, भर दुपारी समुद्राचा तळ उघडा. मनातलं गणित फिरवायला मला दोन वर्षं लागली.

मॉनमथच्या किनाऱ्यावर, निळसर चुनखडीच्या सपाट थरात, परातीएवढे ॲमोनाइट एकमेकांना खेटून पडलेत. पाय ठेवायचा तरी कुठे, असं होतं. यातला एकही न्यायचा नसतो. एकाजवळ बसून राहिले. बोट बाहेरच्या वेढ्यावरून फिरवत आत नेलं, पाच वेढे मोजले, सहाव्याशी दगड झिजला होता. पाणी फिरल्यावर उठले. ते आधी बाहेरच्या खोबणीत शिरलं, मग आतल्या.

घरी नवे तिघे अजून हीटरजवळ कागदावर वाळतायत. आठवडा झाला. आणखी एक आठवडा तसेच ठेवीन.