आश्विनातल्या गाड्या

दसरा उलटला तरी पुण्यातल्या दुचाक्यांच्या हँडलवरचे झेंडूचे हार लगेच उतरत नाहीत. चार-आठ दिवस ते तसेच लोंबत राहतात. पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडतात, आपट्याचं एखादं पान ब्रेकच्या केबलमागे अडकून तिथंच वाळतं, आणि सिग्नलला गाड्या खेटून उभ्या राहिल्या की पेट्रोलच्या वासात झेंडूचा तो कडवट, ओलसर वास मिसळतो. या दिवसांत उजेडही निराळा असतो. चार महिने ढगांनी गाळून दिलेलं ऊन आता मोकळं सुटलेलं. सकाळी साडेसहाला अंगावर शिरशिरी, अकराला ऑक्टोबर हीटचा चटका, आणि या दोहोंच्या मधे जो काही तासांचा सोनेरी पट्टा उलगडतो, त्यात घाटरस्त्यावर गाडी चालवण्याचं सुख मला दुसऱ्या कुठल्याच ऋतूत मिळालेलं नाही.

त्या पट्ट्यातच आम्ही निघतो. दंडाला गुलाबी फिती बांधून.

कोणी बुलेटवर, कोणी ॲक्टिव्हावर, कोणी भावाची पल्सर मागून आणलेली. बँकेत काम करणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या, पोळीभाजी केंद्र चालवणारी एक, नुकतीच निवृत्त झालेली एक परिचारिका. पुण्याला हे दृश्य नवलाचं राहिलेलं नाही. 2011 मध्ये ‘बायकर्नी’ हा बायकांचा गट याच शहरात उभा राहिला, आणि त्याआधीही इथल्या मुली लुना-एम-एटीवरून कॉलेजात जातच होत्या. गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेट चालवणाऱ्या बायका आता सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. पण चैत्रातल्या त्या गाड्या उत्सवाच्या. आश्विनातल्या आमच्या गाड्यांवर पाठीमागे एक पाटी असते, आणि तिच्यावर ठळक अक्षरांत ‘स्तनाचा कर्करोग’ असं लिहिलेलं असतं. मागून येणारा एसटीचा ड्रायव्हर ते वाचतो. टेम्पोतून दसऱ्याच्या उरल्यासुरल्या फुलांचे क्रेट परत नेणारा पोरगा वाचतो. त्याच्या शेजारी बसलेली त्याची आई वाचते, आणि पदर सारखा करते.

ऑक्टोबर हा या आजाराच्या जागृतीचा महिना ठरला तो 1985 मध्ये, अमेरिकेत. तिथं तेव्हा पानं रंग बदलत असणार. इथं तो महिना येऊन पडला थेट नवरात्राच्या आसपास, घटात धान उगवतं त्या दिवसांत. ज्या दिवसांत आपण देवीला साडी नेसवतो, तिची ओटी भरतो, तिच्या रूपाची नऊ दिवस आरती करतो, त्याच दिवसांत जित्याजागत्या बाईच्या देहाबद्दल रस्त्यावर उभं राहून मोठ्यानं बोलायचं, याचं मला फार बरं वाटतं.

आमच्या घरात असं कधी कोणी बोललं नव्हतं.

माझ्या आत्याच्या बोटांना सगळं कळायचं. तांदूळ नवा की जुना, हे ती मूठभर दाणे तळव्यावर फिरवून सांगायची. कणकेला पाणी किती हवं, गाभण गाय किती दिवसांवर आली, तापानं फणफणलेल्या पोराला अजून किती वेळ घड्या ठेवायच्या, हे ती हात लावून ठरवायची. त्याच बोटांना एके दिवशी, अंघोळ करताना, डाव्या बाजूला काखेजवळ काहीतरी लागलं. ते दुखत नव्हतं. दुखत नव्हतं म्हणूनच ती थांबली. दिवाळी होऊ दे म्हणाली असेल मनाशी, मग धाकटीचं लग्न होऊ दे, मग सुगी होऊ दे. आम्हाला समजलं तेव्हा घरात पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत बसून ‘तो आजार’ असं म्हणत होती, बायका स्वयंपाकघरात नुसत्या बोटानं छातीकडे दाखवत होत्या, आणि आत्या माजघरात भिंतीकडे तोंड करून निजली होती.

बोटांना कळलं होतं. ओठांपर्यंत ते आलंच नाही.

म्हणून मला आवाज हवासा वाटतो. गाड्यांची गर्दी, हॉर्न, बुलेटची ती पोटातून येणारी फायरिंग, हे सगळं हवंसं वाटतं. कात्रजच्या बोगद्यात शिरलो की आधी हवा थंडावते, मग डोळ्यांपुढे क्षणभर काहीच नसतं, नुसते पिवळे दिवे एकामागून एक अंगावर येतात, आणि मग आपल्याच गाड्यांचा आवाज भिंतींवर आपटून, छतावर आपटून, दुप्पट-चौपट होऊन परत येतो. तो कानांना ऐकू येण्याआधी बरगड्यांना जाणवतो, टाकीला टेकलेल्या गुडघ्यांना जाणवतो. पहिल्या वर्षी तिथं आमच्यातली एक ओरडली होती. काय ओरडली ते कोणालाच कळलं नाही. दुसरी ओरडली, तिसरी. बोगद्याच्या तोंडाशी पुन्हा ऊन लागलं तेव्हा त्यातल्या दोघी हेल्मेटच्या काचेआड रडत होत्या, आणि त्यातली एक उपचार संपवून नुकती कुठं गाडीवर बसू लागली होती.

दर वर्षी कोणीतरी विचारतंच, की एवढं पेट्रोल जाळण्यापेक्षा तेवढे पैसे दवाखान्याला का देत नाही. पैसे देतोच. पण पैसे देऊन आत्या माजघरातून बाहेर आली नसती. तिला बाहेर काढायला अंगणात काहीतरी मोठं, अनपेक्षित, बघण्यासारखं यावं लागलं असतं. मात्र गुलाबी कपडे घालून, चार फोटो काढून, तपासणीच्या तंबूकडे न वळता परत जाणाऱ्या फेऱ्या मला मुळीच पटत नाहीत. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला एखादा तपासणारा हात असला पाहिजे. तो नसेल तर ती नुसती सहल.

हाताचं म्हणते, कारण हाताला काय साधतं याचा पुरावा आपल्याच राज्यातला आहे. 1998 मध्ये मुंबईत टाटा मेमोरियलच्या मंडळींनी झोपडपट्ट्यांतल्या 35 ते 64 वयाच्या दीड लाखाहून अधिक बायकांना घेऊन एक अभ्यास सुरू केला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, आरोग्यसेविकांनी हातानं तपासणी केली. मॅमोग्राफीचं यंत्र नाही, डॉक्टरही नाही. शिकवून तयार केलेल्या बायकांची बोटं. पुढं वर्षानुवर्षं या सगळ्यांची विचारपूस होत राहिली आणि 2021 मध्ये निष्कर्ष छापून आला. तपासलेल्या बायकांत आजार लवकरच्या टप्प्यावर सापडत होता, आणि पन्नाशी गाठलेल्यांमध्ये या आजारानं होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले होते. त्याहून लहान वयाच्या बायकांत मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही त्यांनी स्वच्छ लिहिलं. तो आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा डोळ्यांसमोर आली ती धारावी-गोवंडीच्या असतील तशा बोळांतून, छत्री काखेत मारून, एका दारावरून दुसऱ्या दारावर जाणारी एक बाई. तिच्या बोटांच्या तीन पेरांवर कुणाकुणाचं आयुष्य तोललेलं होतं.

आणि या देशात दर वर्षी जवळजवळ दोन लाख जणींना हा आजार नव्यानं जडतो. फार जणी येतात त्या उशिरा. आत्यासारख्या.

पुरुषांचं मौन तर त्याहून जुनाट. माझे काका उभ्या आयुष्यात मिशीला पीळ देत राहिले, पण रात्री पाच-पाच वेळा उठावं लागतं हे त्यांनी काकूलाही सांगितलं नाही. ती जागी असायची म्हणून तिला कळलं. त्यांच्यासारख्यांसाठी 2012 मध्ये सिडनीत मार्क हवा नावाच्या एका मोटरसायकलवेड्या माणसाला एक कल्पना सुचली. ‘मॅड मेन’ मालिकेतला डॉन ड्रेपर सुटाबुटात जुन्या मोटरसायकलवर बसलाय, असं एक छायाचित्र त्यानं पाहिलं आणि ‘डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइड’ जन्माला आली : कडक इस्त्रीचा सूट, टाय, चकचकीत जोडे, जुन्या घाटाची गाडी, आणि जमणारा पैसा पुरुषांमधल्या प्रोस्टेटच्या कर्करोगावर आणि त्यांच्या मनाच्या आजारांवर. आधी ही फेरी सप्टेंबरात निघे, आता मेमध्ये निघते. आपल्याकडे मे म्हणजे वैशाखवणवा. सिडनीत मात्र तेव्हा शरद असतो. पृथ्वीच्या त्या अर्ध्या भागात पानं गळतात, उन्हाला तिरपेपण येतं, आणि सुटातली माणसं एकमेकांना विचारतात, तपासून घेतलंस का? मेमधल्या त्याच रविवारी आपल्याकडेही, पुण्या-मुंबईत, घामानं कॉलर भिजलेले पुरुष जाकिटाची बटणं न काढता तशाच गाड्या हाकतात. मला ते दृश्य फार आवडतं. एवढं नटूनथटून निघालेला पुरुष कोणाशी तरी दोन खरे शब्द बोलायला निघालाय, हे आवडतं.

शिरवळला नीरा ओलांडली की सोयाबीनच्या काढणीची धूळ नाकाला लागते. मग खंबाटकी. घाटाच्या चढावर गाड्यांची ओळ आपसूक ताणली जाते. एक डावीकडे, तिच्या मागची उजवीकडे, कोणाचं चाक कोणाच्या अगदी मागे येऊ नये अशी, सगळ्यांत पुढे रस्ता माहीत असलेली आणि सगळ्यांत मागे कोणाला एकटं न सोडणारी. परतीची वाहनं खालच्या बोगद्यातून जातात, त्यामुळे हा चढ एकमार्गी, समोरून कोणी येत नाही. फक्त डोंगर येतो. पावसानं धुतलेला, अजून हिरवा, पण माथ्याकडून गवत पिवळं पडायला लागलेला. सोनकी विझता विझता राहिलेली, कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे कठड्याच्या फटीतून वर आलेले. गिअर खाली घेतला की इंजिनाचा सूर बदलतो, आणि तो बदल आपल्या तळव्यांतून मनगटात चढतो. गाडीची एवढीशी कुरकुर आम्हाला कळते. टॅपेट वाजतंय, चेन सैल झालीय, पुढच्या चाकात हवा कमी आहे, हे न उतरता सांगता येतं. कोणीतरी मला गाडीचं असं ऐकायला शिकवलं होतं, एका गॅरेजात, दुपारभर उभं करून. अंगाचं ऐकायला मात्र आम्हाला कोणी बसवून शिकवलं नाही.

वळणावर ऊन डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर आलं.

सुरूरला महामार्ग सोडायचा. वाई मागे पडली की ऊस लागतो, हळदीची रुंद पानं लागतात, आणि धोमच्या बाजूचं ते गाव येतं, जिथं शाळेच्या एका वर्गात तपासणीची सोय केलेली असते. आधी पोरं धावत येतात. मग म्हाताऱ्या. मग, आवाज बंद झाल्यावर, दारांआडून बाकीच्या. एका आजींनी माझ्या बुलेटच्या इंजिनावर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. “तापलीया की गं बाय! पाणी दाखीव हिला.” मग त्याच हातानं त्यांनी माझा गाल कुरवाळला. हाताला जनावराच्या आंबोणाचा वास होता.

वर्गात फळ्यावर अजून पाढे लिहिलेले. खिडक्यांना चादरी बांधलेल्या, कोपऱ्यात दोरीवर दोन साड्या टाकून आडोसा केलेला. उन्हानं त्यातली एक साडी पेटल्यासारखी नारिंगी दिसत होती आणि आतल्या बाईच्या उघड्या खांद्यावर तोच रंग पडला होता. तपासणाऱ्या सिस्टर प्रत्येकीच्या आधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून ऊबदार करत. मग मधल्या तीन बोटांची पेरं, टोकं नव्हेत, सपाट ठेवून, लहान लहान वर्तुळं काढत बाहेरून आत, काखेपर्यंत. बोलणं चालूच. गाय कुठली, दूध किती देते, सून कुठली केली. मधेच थांबून सांगत : गाठ, कातडीला खळी, संत्र्याच्या सालीसारखी दिसणारी जागा, बोंडातून पाणी किंवा रक्त, यांतलं काहीही दिसलं तर आशाताईंना सांगायचं, दुखत नाही म्हणून सोडायचं नाही. आणि सापडलेली प्रत्येक गाठ काही तसली नसते, बहुतेक साध्याच असतात. हे वाक्य त्या आवर्जून म्हणत, आणि ते ऐकताना रांगेतल्या बायकांचे खांदे खाली आलेले मी पाहिले.

आशाताई शेजारी वही घेऊन बसल्या होत्या. आम्ही संध्याकाळी परत जाणार; या वहीतली नावं घेऊन दारोदार हिंडणार त्या. तीस वर्षांपुढच्या बायकांची अशी तपासणी सरकारी आरोग्यकेंद्रातही होते, हे त्या वर्षभर सांगत असतात, पण आज गाड्यांच्या आवाजानं तिथं आलेल्यांत काही जणींना त्यांनी चार-चारदा बोलावलं होतं. त्या मला म्हणाल्या, “तुमी आलात ते बरं झालं. आता ह्या मला दारात बघून आत पळायच्या न्हाईत.”

दुपारकडे एक पन्नाशीची बाई आडोशातून बाहेर आली आणि खाली न बसता उभीच राहिली. सिस्टरांना काहीतरी लागलं होतं. घाबरायचं नाही म्हणाल्या, पण साताऱ्याला सोनोग्राफी करून घेऊ या, याच आठवड्यात. बाई चादरीच्या कडेशी चाळा करत होती. बुधवारी जायला हवं, पण मालक कारखान्यावर, पोरगा पुण्यात, एसटीनं गेलं तर गावभर होतं. आमच्यात सगळ्यांत मागे गाडी चालवणारी, ती साताऱ्याचीच. ती जाकिटाची चेन लावत पुढे आली.

“मी येते ना बुधवारी. मागं बसा माझ्या.”

बाईनं तिच्याकडे पाहिलं, मग दारातून दिसणाऱ्या गाडीकडे. बराच वेळ पाहिलं.

“मला बी ते डोक्यावरचं घालाय लागंल?”

“लागेल तर. दोन आणते. साडेआठला फाट्यावर थांबा, आणि चहा घेऊन या, उपाशी नाही न्यायची मी.”

“चा कशाला,” बाई म्हणाली, “भाकरीच बांधून घिती दोघींची.”