आजीची गोधडी आणि मांजराचे पिल्लू

गेल्या पंचवीस वर्षांत आमची बदली ज्या ज्या धर्मग्रामात झाली, तेथे तेथे मांजरांनी आमच्या आधीच मुक्काम ठोकलेला होता. म्हणूनच की काय, पापनिवेदनाला यावे तशा गंभीर चेहऱ्याने लोक आमच्याकडे मांजरांच्या तक्रारी घेऊन येतात.

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ सपत्निक आले. तिसऱ्या मजल्यावरील फ्लॅट, दोन मुले, वृद्ध आई आणि तीन महिन्यांचे पिल्लू. ते पिल्लू रोज आजीच्या अंथरुणात घाण करीत होते. ‘‘फादर, रविवारी त्याला मासळी बाजारात सोडून येतो,’’ गृहस्थ म्हणाले. धाकटी मुलगी दोन दिवस धड जेवली नव्हती. आम्ही रविवारपर्यंत थांबावयास सांगितले आणि शनिवारी त्यांच्या घरी गेलो.

मांजर मुळात स्वच्छतेचे भोक्ते. जन्मानंतरचे पहिले तीन आठवडे पिल्लाला आपण होऊन शी-शूदेखील करता येत नाही. आई चाटते तेव्हाच ती होते. चौथ्या आठवड्याच्या सुमारास ते भुसभुशीत जागा उकरू लागते. आफ्रिका व पश्चिम आशियातील कोरड्या प्रदेशातल्या रानमांजराचा हा वारसा आहे. आपल्या जुन्या घरांना अंगण होते, चुलीची राख होती, मागील दारी केळीच्या बुंध्याशी मऊ माती होती. मांजराला कोणी शिकवावे लागले नाही. फ्लॅटमध्ये सगळीकडे गुळगुळीत लादी. त्या घरात पायांना मऊ लागणारी वस्तू एकच, आजीची गोधडी!

ट्रे नव्हता असे नाही. महागडा, उंच काठांचा ट्रे होता; पण तो न्हाणीघरात, धुलाईयंत्राला खेटून. यंत्र घरघरू लागले की पिल्लू जे पळे ते पुन्हा तिकडे फिरकत नसे. त्यात सुगंधी खडे घातलेले. हा सुगंध माणसाच्या नाकासाठी. मांजराला तो नकोसा होतो. (मातीच्या या खड्यांची कल्पना 1947 साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात एडवर्ड लो यांना सुचली. तोवर तेथेही राख आणि वाळूच वापरीत.)

आम्ही कमी काठांचा पसरट ट्रे मागविला, त्यात चाळलेली कोरडी वाळू घातली आणि तो बाल्कनीच्या शांत कोपऱ्यात, जेवणाच्या ताटलीपासून दूर ठेवला. ओले होताच घट्ट गोळा होणारे खडे इतक्या लहान पिल्लाला देऊ नयेत. ते चाखून पाहते. झोपेतून उठल्यावर व जेवल्यावर त्याला ट्रेमध्ये नेऊन ठेवण्याचे काम धाकटीकडे दिले. घाण केली म्हणून त्याचे नाक त्यात घासण्याची गृहस्थांची पद्धत मात्र आम्ही बंद करविली. त्याने पिल्लू जागा शिकत नाही, माणसापासून लपावयास शिकते.

फिनेलची बाटलीही हलविली. त्यातील फिनॉल मांजराच्या यकृताला पचविता येत नाही. अमोनियाचे द्रावण तर मूत्रासारखेच वासते आणि पिल्लाला त्याच जागी परत बोलाविते. गोधडी साबणाने व पातळ केलेल्या व्हिनेगरने धुवून उन्हात घातली, आणि आजीच्या खोलीचे दार काही दिवस बंद ठेवले.

सारेच दोष शिस्तीचे नसतात. मांजर वारंवार बसते, कुंथते, ओरडते आणि थेंबभरच होते, असे दिसल्यास ते आजारी समजावे. बोक्याचा मूत्रमार्ग तुंबला असेल तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. उद्यावर टाकल्यास जीव जातो. ट्रे रोज साफ करावा, कारण विष्ठेतून येऊ शकणारे टॉक्सोप्लाझ्माचे जंतू बाधक व्हावयास किमान एक दिवस लागतो. घरात गर्भवती असेल तर हे काम दुसऱ्याने करावे.

तो रविवार गेला, पुढचेही गेले. पिल्लू अजून महिन्यातून एखादे वेळी चुकते. वाळू बदलण्याचे काम धाकटीचे. ती शाळेत गेली की आजी कुरकुरत उठतात, बाल्कनीत जातात आणि ट्रे चोख झाला आहे ना, हे स्वतः पाहून येतात.