आतून उघडणारी डिकी

ज्या डेट्रॉइटलगतच्या हायलँड पार्कमध्ये 1913 साली हेन्री फोर्डच्या कारखान्यात मोटारींच्या जुळणीची सरकती साखळी सुरू झाली आणि श्रीमंतांच्या अंगणातील ही वस्तू सामान्य कामगाराच्या दारात येऊन उभी राहिली, त्या परिसरात राहणाऱ्या मनुष्याला मोटारीच्या एकेका अवयवाविषयी विचार करण्याचे प्रसंग वारंवार येतात. येथे दूध आणायचे झाले तरी मोटार, वैद्याकडे जायचे तरी मोटार, आणि दोन मराठी कुटुंबांनी एकमेकांकडे चहाला जायचे म्हटले तरी मोटारच. धुळ्याच्या गल्ल्यांमध्ये पायी हिंडत लहानाचा मोठा झालेल्या आणि पुढे शिक्षणासाठी जळगावी राहिलेल्या माझ्यासारख्याला हे परावलंबन आरंभी फार जाचक वाटले. शेजारीपाजारी, देवळातील ओळखीचे, मराठी मंडळात भेटणारे, यांपैकी अनेकांची उपजीविकाच मोटारीच्या कारखान्यांवर चालत असल्यामुळे येथील गप्पांतही तो विषय निघाल्यावाचून राहत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या परिचयाचे एक कुटुंब, मूळचे पाचोऱ्याकडचे, भारतातून आलेल्या मातोश्रींना बरोबर घेऊन किराणा सामान आणावयास गेले होते. पिशव्या डिकीत ठेवताना किल्लीही त्यांच्याबरोबर आत राहिली आणि वरून झाकण लागले. दारे आधीच बंद होती. किल्ली आत राहिल्याचे ओळखून झाकण आपोआप पुन्हा उघडण्याची जी सोय हल्लीच्या अनेक मोटारींत असते, ती त्यांच्या जुन्या मोटारीत नव्हती. पारा शून्याच्या बराच खाली, मातोश्रींच्या औषधांची पिशवीही डिकीतच, म्हणून त्यांना ऊब मिळावी या हेतूने मी माझी मोटार घेऊन तेथे गेलो. "अरे भाऊ, पाचोऱ्याला असतो तर एव्हाना किल्लीवाला येऊन काम करून गेलासुद्धा असता," असे त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते.

जळगावच्या फुले मार्केटच्या आसपास किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर किल्ल्यांचे जुडगे पुढ्यात मांडून बसणारे जे कारागीर असतात, त्यांत परंपरेने हत्यारांना धार लावणारे शिकलगारही असतात, आणि त्यांचे काम ज्याने लक्ष देऊन पाहिले असेल त्याला त्या विद्येविषयी आदर वाटल्यावाचून राहणार नाही. कोरी किल्ली कुलपात घालावयाची, किंचित दाब देऊन फिरवावयाची, बाहेर काढून तिच्या पात्यावर उमटलेल्या सूक्ष्म खुणा उजेडात धरून निरखावयाच्या, नेमकी तेथेच कानस चालवावयाची आणि पुन्हा ती कुलपात घालावयाची. असे करीत करीत जे कुलूप त्या कारागिराने आतून कधीही पाहिलेले नसते, त्याची अंतर्रचना तो केवळ बोटांच्या आधारे जाणून घेतो. हल्लीच्या मोटारींच्या किल्लीत इलेक्ट्रॉनिक चिप असल्यामुळे अशा कानशीने घडविलेल्या किल्लीने इंजिन चालू होत नाही. परंतु जेथे डिकीला किल्लीचे भोक असते, तेथे त्या विद्येचा उपयोग आजही होतो.

येथील किल्लीवाला गाडीभर साहित्य घेऊन आला. दाराच्या फटीत हवेने फुगणारी एक चपटी पिशवी सारून त्याने बोटभर जागा केली, त्या जागेतून लांब सळई आत घातली आणि तिच्या टोकाने दाराच्या कुलपाचे बटन दाबले. दार उघडल्यावर मात्र तो डिकीकडे वळला नाही. आधी त्याने समोरच्या कप्प्यातील वाहनाचे नोंदणीपत्र काढावयास सांगितले, त्यावरील नाव परवान्यावरील नावाशी ताडून पाहिले, आणि मालकीची खातरजमा झाल्यानंतरच चालकाच्या आसनाजवळचा खटका ओढला, त्यासरशी केबल ताणली जाऊन डिकी उघडली. आपल्याकडे हे काम बहुधा ओळखीवर चालते, येथे दस्तऐवजावर चालते. ज्या शहरात कोणी कोणाला ओळखत नाही, तेथे दुसरी तजवीज संभवत नाही, आणि त्या माणसाच्या या काटेकोरपणाविषयी मला मनापासून समाधान वाटले.

आतला खटका ओढण्याचा हा मार्ग सर्व मोटारींत खुला असतोच असे नाही. काही मोटारींत दारे रिमोटने बंद केली म्हणजे आतला खटकाही निकामी होतो. डिकी विजेवर उघडणारी असेल आणि बॅटरी उतरली असेल, तर आधी बॅटरीला जीव द्यावा लागतो. पण काही मोटारींची बॅटरी डिकीतच ठेवलेली असते, आणि अशा मोटारींत बहुधा इंजिनाजवळ वीज जोडण्यासाठी स्वतंत्र टोके दिलेली असतात. रिमोटच्या पोटात बहुधा एक साधी धातूची किल्ली दडवलेली असते, हे पुष्कळ मालकांच्या ध्यानातच नसते. मागील आसनाची पाठ आतून पाडता येत असेल तर तेथूनही हात पोचतो. आणि यांपैकी काहीच साधले नाही, तरी विक्रेता मालकीचे कागद पाहून मोटारीच्या चॅसिस क्रमांकावरून नवी किल्ली मिळवून देऊ शकतो. तात्पर्य, थोडा वेळ, थोडा पैसा आणि थोडे धैर्य असले की बाहेर उभ्या असलेल्या माणसाचा प्रश्न आज ना उद्या सुटतो.

परंतु माणूस आत असला तर?

हा प्रश्न मोटारीच्या आधी शीतकपाटाच्या बाबतीत उपस्थित झाला होता. पूर्वीच्या शीतकपाटांच्या दाराला बाहेरून अडकणारी खिटी असे, आणि टाकून दिलेल्या अशा कपाटांत खेळता खेळता शिरलेली मुले आत गुदमरून मरण पावत. 1956 साली अमेरिकी विधिमंडळाने कायदा करून असे फर्मावले की घरगुती शीतकपाटाचे दार आतून सहज ढकलून उघडता आले पाहिजे. 30 ऑक्टोबर 1958 पासून त्याचा अंमल सुरू झाला. खिटी गेली, तिच्या जागी दाराच्या कडेची चुंबकीय पट्टी आली. आज खानदेशातील घराघरांत जे शीतकपाट आहे त्याचे दार लहान मुलाच्या धक्क्यानेही उघडते, याच्या मुळाशी कित्येक अज्ञात बालकांचे मृत्यू आहेत. मोटारीची डिकीदेखील आदळली की आपोआप लागणारी आणि फक्त बाहेरून उघडणारी अशीच बंद पेटी होती. परंतु तिच्याकडे लक्ष जावयास आणखी चाळीस वर्षे लागली.

ते लक्ष वेधून घेण्याचे श्रेय प्रामुख्याने एका मातेकडे जाते. ऑक्टोबर 1995 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जॅनेट फेनेल आणि त्यांचे पती रात्री घरी परतले असता सशस्त्र दरोडेखोरांनी त्या दोघांना त्यांच्याच मोटारीच्या डिकीत कोंडले आणि मोटार हाकत नेली. त्यांचे नऊ महिन्यांचे बाळ मागे राहिले. दरोडेखोर लुबाडून निघून गेल्यावर त्या काळोखात तारा चाचपडताना डिकी उघडणारी केबल हाती लागली म्हणून ते दांपत्य वाचले, आणि बाळही सुखरूप मिळाले. एवढ्यावर दुसऱ्या कोणी देवाचे आभार मानून विषय संपविला असता. फेनेल यांनी मात्र प्रत्येक डिकीला आतून उघडणारी मूठ असलीच पाहिजे, हा ध्यास घेतला, पूर्वी घडलेल्या अशा घटनांचे तपशील गोळा केले आणि सरकारदरबारी व कारखानदारांकडे सतत पाठपुरावा केला. 1998 च्या जुलै-ऑगस्टमध्ये न्यू मेक्सिको, पेनसिल्व्हेनिया आणि युटा या तीन राज्यांत अवघ्या तीन आठवड्यांच्या अवधीत अकरा मुले डिकीत अडकून उष्म्याने मृत्युमुखी पडली, तेव्हा हा प्रश्न टाळणे कोणालाच शक्य राहिले नाही. तज्ज्ञांची समिती नेमली गेली. फोर्ड कंपनीने सक्तीची वाट न पाहता अशी मूठ बसविण्यास आरंभ केला, आणि ऑक्टोबर 2000 मध्ये राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने अंतिम नियम जाहीर केला: 1 सप्टेंबर 2001 पासून बनणाऱ्या, स्वतंत्र डिकी असलेल्या प्रत्येक प्रवासी मोटारीत डिकी आतून उघडण्याची सोय असलीच पाहिजे, आणि ती हाताने चालणारी असेल तर बंद डिकीच्या अंधारात सहज दिसली पाहिजे.

येथे आल्यानंतर घेतलेल्या पहिल्या मोटारीच्या डिकीत मला ती मूठ दिसली, तेव्हा तिचे प्रयोजनच उमगले नाही. प्रकाश शोषून अंधारात हिरवट उजळणारी ती प्लास्टिकची लहानशी वस्तू, तिच्यावर उघड्या डिकीतून उडी घेणाऱ्या माणसाची आकृती, आणि अक्षर एकही नाही. कारण ज्याच्यासाठी ती केली आहे त्याला अजून वाचता येत नाही. तिची किंमत मोटारीच्या किमतीपुढे नगण्य आहे. फेनेल यांनी उभारलेली किड्स अँड कार सेफ्टी ही संस्था असे सांगते की ज्या मोटारींत ही मूठ आहे त्यांच्या डिकीत अडकून मृत्यू झाल्याची एकही नोंद तिच्या दप्तरी नाही. मोटारीच्या या राजधानीत वेगाचे, आकाराचे आणि ऐषारामाचे जे कौतुक अहोरात्र चालते, त्या सर्वांहून ही मूठ मला श्रेष्ठ वाटते.

हे सर्व जळगाव-धुळ्याच्या वाचकांसाठी लिहिण्याचे कारण आपला उन्हाळा. 2005 साली 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीच्या आतील तापमान तासाभरात सरासरी 22 अंश सेल्सिअसने चढते, त्यातील चारपंचमांश वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, आणि खिडकीची काच थोडी खाली ठेवल्याने विशेष फरक पडत नाही. ती मोजमापे 36 अंशांच्या आतल्या हवेत घेतलेली होती. जेथे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो त्या जळगाव-भुसावळच्या उन्हात काय होईल, हे ज्याचे त्याने समजून घ्यावे. त्यातही मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मुलाचे शरीर तीन ते पाच पट वेगाने तापते.

आणि नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे आखाजी येते. सासुरवाशिणी मुलाबाळांसह माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, लग्नसराईमुळे दारोदार पाहुण्यांच्या मोटारी उभ्या असतात. दुपारी मोठी माणसे जेवून पडलेली असतात आणि मुलांचा लपंडाव रंगात आलेला असतो. लपण्यासाठी डिकीहून सोयीची जागा त्यांना कोणती दिसणार? ही भीती काल्पनिक नाही. जून 2023 मध्ये नागपूरच्या पाचपावली भागातून तीन लहान मुले बेपत्ता झाली, त्यांना कोणी पळवून नेल्याच्या संशयाने शोध सुरू झाला, आणि दुसऱ्या दिवशी घराजवळच उभ्या असलेल्या एका जुन्या मोटारीत ती मृतावस्थेत सापडली. ज्यांनी ती बातमी वाचली असेल त्यांनी आपल्या अंगणातील मोटारीकडे एकदा त्या दृष्टीने पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.

अमेरिकेचा हा नियम भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारींना लागू नाही. म्हणून आपल्या मोटारीची डिकी स्वतंत्र असेल तर ती उघडून आत अशी मूठ आहे की नाही ते प्रत्येकाने स्वतः पाहावे; असेल तर मुलांना ती दाखवावी, नसेल तर मागील आसनाची पाठ कशी पाडतात ते घरातील प्रत्येक मोठ्या माणसाने शिकून घ्यावे. मोटार उभी केली की दारे आणि डिकी बंद करून किल्ली मुलांचा हात पोचणार नाही अशा खुंटीवर टांगावी. गॅरेजच्या मागे पडलेल्या भंगार मोटारी आणि पोलीस ठाण्यांच्या आवारात मुद्देमाल म्हणून उभी असलेली जप्त वाहने यांची दारे उघडी राहू नयेत, हे त्या त्या जबाबदार इसमांनी पाहावे. आपल्या सरकारने नव्या मोटारींसाठी या मुठीची सक्ती करावी, अशी मागणी खानदेशच्या लोकप्रतिनिधींनी संसदेत लावून धरावी.  आणि आत मूल अडकलेले असेल तर किल्लीवाल्याची वाट पाहत बसू नये: हाताशी असेल त्या जड वस्तूने बाजूच्या खिडकीची काच कोपऱ्याशी फोडावी, खटका ओढावा, आसन पाडावे, आणि त्याच वेळी दुसऱ्याने 112 क्रमांकावर खबर द्यावी.

यंदाच्या आखाजीला अंगणातील एखादे मूल दिसेनासे झाले, तर आधी विहीर, पाण्याचा हौद आणि दारातल्या मोटारींच्या डिक्या पाहा, आणि मगच गल्लीत शोधावयास निघा.